मागच्या सीटवर भाऊ

भाऊने ती मोटरसायकल घेतली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती, आणि घरात ती कुणालाच आवडली नाही. वहिनी फाटकापाशी उभी राहून गाडीकडे बघत म्हणाली, "ही कसली गाडी? साडी नेसून बसता येणार नाही, पिशवी अडकवायला जागा नाही, आणि पुढचं मडगार्ड बघा कसं चोचीसारखं वर आलंय."

गाडी होतीच तशी. उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं, टायरला जाड ठोकळे. डांबरी रस्त्यावर चालायची आणि दगडधोंड्यातही चालायची. अशा गाड्यांमध्ये सगळ्यात स्वस्त मिळाली म्हणून भाऊने घेतली. दिसायलाही ती स्वस्तच होती. मीटर साधा, सीट फळीसारखी कडक.

भाऊचं देवपुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे त्याचं काम. तरुणपणी तो शेताशेतांवर जाऊन मोटारी बसवून द्यायचा. धुळे तालुका, शिंदखेडा, शिरपूर, सगळीकडच्या गाडीवाटा त्याच्या पायाखालून गेलेल्या. पण तो म्हणायचा, "मी फक्त विहिरीपर्यंत गेलो. विहिरीच्या पुढे वाट कुठे जाते ते कधी बघितलंच नाही. मोटार चालू झाली की माघारी."

ते बघायला त्याने ती गाडी घेतली होती. रविवारी दुकान बंद ठेवून तो निघायचा. आधी लळिंगच्या बाजूची माळरानं, मग शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी. दुपारी परत यायचा तेव्हा भुवयांवर धूळ बसलेली असायची. मी शेजारच्याच गल्लीत राहते, देवपुरातल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. रविवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले की तो मला वाट सांगत बसायचा. कुठे नाला आडवा आला, कुठे सागाची पानं घोट्यापर्यंत साचली होती, कुठल्या पाड्यावर ताक मिळालं. वहिनी आत भांडी वाजवत असायची. भाचे पुण्याला. ऐकणारी मी एकटीच, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

अशी तीनेक वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात सकाळी उठल्यावर भाऊच्या उजव्या डोळ्यापुढे ओली काच धरल्यासारखं झालं. नाशिकला डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यातली शीर बंद झाली आहे. डोळ्यात इंजेक्शनं झाली. कडेकडेचं थोडं परत आलं, मधलं आलं नाही. डावा डोळा मात्र चांगला होता. दुकानाचं काम अडलं नाही, कारण तार गुंडाळताना तो डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवतो. स्कूटरवर बाजारात जाणंही जमायला लागलं.

मग एका रविवारी तो कुणाला न सांगता गाडी घेऊन लळिंगकडे गेला, आणि कोपर सोलून आला. वहिनीला म्हणाला, घसरलो. मला म्हणाला, "बाई, एका डोळ्याने खोली कळत नाही गं. सावली आणि खड्डा सारखेच दिसतात." मला तो लहानपणापासून बाई म्हणतो. त्याने गाडी अंगणात भिंतीला लावली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली.

दोनएक महिन्यांनी मी संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा द्यायला गेले. वहिनी मंदिरात गेली होती. अंगणात भाऊ गाडीवर बसला होता. गाडी स्टँडवर, चादर टाकीपर्यंत मागे सारलेली, दोन्ही हात हँडलवर. मला बघून तो उतरला नाही, की ओशाळलाही नाही.

"बसलो जरा," म्हणाला. मग म्हणाला, "साक्रीचा एक जण रविवारी बघायला येतोय. घेईल बहुतेक."

मी शेंगा ओट्यावर ठेवल्या. काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "भाऊ, मला शिकव."

तो हसला. "तुझे पाय तरी पोचतील का?"

"नाही पोचले तर बघू."

"तुला गिअर कुठे येतात? तू स्कूटरवाली."

"तुलाही आईच्या पोटातून येत नव्हते."

तो हसायचा थांबला. साक्रीच्या माणसाला त्याने फोन करून सांगितलं, थोडं थांबा. तो काही थांबला नाही, त्याने दुसरी घेतली. ते एका अर्थाने बरंच झालं.

माझं वय तेव्हा सेहेचाळीस. आम्ही पहाटे फटफटलं की नकाण्याच्या बाजूच्या माळावर जायचो. जाताना गाडी भाऊ चालवायचा, डांबरी रस्त्यावरून, हळू. माळावर पोचल्यावर पहिल्या दिवशी त्याने काय केलं असेल, तर गाडी आडवी पाडली. हलकेच कुशीवर निजवली आणि मला म्हणाला, "उचल."

"चालवायच्या आधीच?"

"चालवशील की नाही ते माहीत नाही. पाडशील हे नक्की."

मी हँडल धरून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. मग त्याने दाखवलं. गाडीकडे पाठ करायची, सीटला ढुंगण टेकायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा, आणि पाय रोवून मागे मागे चालत जायचं. कमरेने नाही, पायांनी. दोन-तीनदा निसटली आणि मग उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी ती दुसऱ्या बाजूला पाडलीच.

माझा एका वेळी एकच पाय पोचायचा, तोही चवड्यावर. थांबताना सीटवरून एका बाजूला सरकायला भाऊने शिकवलं. क्लच दोन बोटांनी धरायला शिकवला. खडीवर पुढचा ब्रेक विसरून जायचा, उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडीला इंजिनानेच आवरू द्यायचं, वाळूत घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, हे सगळं त्याने सावकाश शिकवलं. सगळ्यात अवघड होतं फूटरेस्टवर उभं राहून चालवणं. गुडघे सैल, कोपरं बाहेर, नजर लांब.

"चाकाकडे बघू नको," तो ओरडायचा. "दगडाकडे बघितलंस की दगडावरच जाशील. वाटेकडे बघ."

भाऊ एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलतो, पण घाबरला की अहिराणीवर येतो. मी पहिल्यांदा जोरात पडले तेव्हा तो धावत आला, "पडनी का व? लागनं का?" पुढे पुढे तो धावायचा थांबला. हात मागे बांधून उभा राहायचा आणि मी उठून गाडी उचलेपर्यंत दुसरीकडे बघायचा.

माझे मिस्टर नरडाण्याच्या एका कारखान्यात आहेत. त्यांनी एक दिवस कारखान्यातले जुने सेफ्टी शूज आणून माझ्यापुढे ठेवले. दोन नंबर मोठे होते, मी आत दोन-दोन मोजे घालायचे. ते एवढंच म्हणाले, "वहिनींना सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. वहिनीला दुधवाल्याकडून कळलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी स्वतःहून आली, पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, त्यांचा डोळा गेला. आता तुमचे हातपाय जाऊ देऊ नका. आणि त्यांना परत त्या गाडीवर पुढे बसू देऊ नका. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. तो देताना मला कळलं की तिला गाडीचा राग नव्हताच. दर रविवारी तो परत येईपर्यंत ती एकटी घरात काय करत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं.

होळी झाल्यावरच्या एका रविवारी भाऊ म्हणाला, "चल, आता सातपुड्यात जाऊ." मी पुढे बसले, तो मागे. धुळ्याहून हायवेने, तापीचा पूल ओलांडून शिरपूर. तिथे आम्ही गरम कचोरी आणि चहा घेतला. हॉटेलातली माणसं माझ्याकडे बघत होती. हेल्मेट काढल्यावर बाई निघाली म्हणून, आणि मागे बसलेला माणूस तिचा बाप नाही, नवराही नाही, हे त्यांना उमगत नव्हतं म्हणून असेल. भाऊला त्याची मजा वाटत होती. "बहीण आहे माझी," तो गल्ल्यावरच्या माणसाला कुणी न विचारता म्हणाला.

बोराडीच्या पुढे डांबर संपलं. दगडांवर पकड यावी म्हणून आम्ही दोन्ही टायरमधली हवा थोडी सोडली. पुढे वाट कोरड्या नाल्यात उतरली, वर आली, पुन्हा उतरली. पळस इतका फुललेला की पान दिसत नव्हतं. सागाचं जंगल उघडंबोडकं, सगळी पानं खाली, आणि गाडी त्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज. मागून भाऊ बोलत होता. डावीकडे घे. दगड आहे. सोड, सोड, क्लच सोड. त्याला ती वाट पाठ होती. मी त्याचं ऐकत होते आणि गाडी जात होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. पावरा लोकांची घरं तिथे एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक घर आपापल्या शेतात. त्यातल्या एका घरापुढच्या मोहाच्या झाडाखाली भाऊ नेहमी टेकायचा. त्या घरची बाई माझ्याच वयाची असेल. आम्हाला बघून ती कमरेवर हात ठेवून हसायला लागली. आपसात ती माणसं पावरी बोलतात, पण आमच्याशी ती अहिराणीत बोलली. "आज बाई पुढे शे, भाऊ मागे शे!" तिने घरातल्या माणसांना हाका मारून ते दृश्य दाखवलं.

तिच्या घरामागून एक वाट सरळ डोंगरावर चढत होती. ती चढण भाऊच्या गोष्टींमध्ये नेहमी असायची. ओबडधोबड काळे दगड, मधून पाण्याने कोरलेली चर, आणि वर गेल्यावर म्हणे सपाटी. भाऊ दर वेळी तिच्या पायथ्याशी येऊन माघारी फिरला होता. एकटा होता, पडला असता तर कुणाला कळलं नसतं.

"मी चालत येतो," तो म्हणाला. "तू गाडी घेऊन जा. मी खालून सांगतो."

घरची बाई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन त्याच वाटेने निघाली होती. वर तिचं शेत होतं. रबरी चप्पल घालून ती आमच्यापुढे दगडांवरून अशी चढत गेली, जशी मी आमच्या घरचा जिना चढते.

मी निघाले. उभी राहून, पहिल्या गिअरमध्ये. पहिलं वळण जमलं. खालून भाऊचा आवाज येत होता, "सरळ! सरळ! आता उजवीकडे! उजवीकडे सपाट शे!" मला उजवीकडे काहीतरी काळं दिसत होतं. पण आवाज भाऊचा होता. मी उजवीकडे घेतली. पुढचं चाक दोन दगडांच्या मधल्या खोबणीत गेलं, हँडल हातातून फिरलं, आणि मी, गाडी, सगळं आडवं झालं. इंजिन बंद पडलं. पेट्रोलचा वास आला. डावा गुडघा दगडावर आपटला होता.

भाऊ धापा टाकत वर आला. "लागनं का? पाय हालस का?" पाय हलत होता. मग तो माझ्याकडे बघायचा थांबला आणि त्या खोबणीकडे बघायला लागला. खाली वाकला, हात आत घातला. मनगटाच्या वरपर्यंत हात आत गेला.

"मला हे सपाट दिसलं," तो म्हणाला.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. नाशिकला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही तो इतका खचला नव्हता. मला त्याला म्हणावंसं वाटलं की काही नाही रे, माझीच चूक. पण ते खरं नव्हतं आणि वाट अजून अर्धी बाकी होती.

"भाऊ," मी म्हणाले, "आता तू बोलू नको. मी बघते."

मी त्याला असं कधीच बोलले नव्हते. कॉलेजात कुठला विषय घ्यायचा, कुठलं स्थळ बघायचं, घर कुठल्या गल्लीत घ्यायचं, सगळं मी त्याला विचारून केलं होतं. तो बाजूच्या दगडावर जाऊन बसला आणि त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं.

हंडा वर ठेवून ती पावरा बाई परत खाली आली होती. तिने मागच्या चाकामागे दगड लावला. मी गाडीला पाठ टेकवून ती उभी केली. क्लचचा दांडा थोडा वाकला होता, पण चालत होता. मग मी गाडी तिच्या हाती धरायला दिली आणि अख्खी चढण पायी चढून आले. एकेक दगड बघितला. चरीच्या डाव्या कडेने हातभर रुंद पट्टा होता, वर एका मुळापाशी तो चरीला ओलांडत होता, आणि शेवटी मुरमाचा घसरडा तुकडा होता. तिथे थांबून चालणार नव्हतं. हे सगळं मनाशी म्हणत मी खाली आले.

गाडी सुरू केली. गुडघा ठणकत होता. डावी कड धरली. मुळापाशी पुढचं चाक उचलल्यासारखं झालं, मी पुढे झुकले, चाक पलीकडे पडलं. मुरमात मागचं चाक सापासारखं वळवळलं. ॲक्सिलरेटर सोडावासा वाटत होता, सोडला नाही. आणि एकाएकी हँडल हलकं झालं. समोर दगड नव्हते. मी तशीच पन्नासेक पावलं पुढे गेले, कारण थांबायची भीती वाटत होती. मग थांबले, इंजिन बंद केलं. वर कुणी नव्हतं.

आधी ती बाई आली, मग काठी टेकत भाऊ. तो काठी कुठून घेऊन आला कोण जाणे. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शाबासकी वगैरे दिली नाही. बराच वेळ गाडीच्या टाकीवर हात ठेवून होता.

वर विशेष काही नव्हतं. ज्वारी काढून घेतलेलं रान, धसकटं, एक लहान घर, एक मचाण, दोन बैल. उत्तरेला डोंगरांच्या ओळी एकामागे एक फिकट होत गेलेल्या. दक्षिणेला खाली तापीचा मुलूख, धुळकट.

"काय दिसतं?" भाऊने विचारलं.

"तुला दिसत नाही का? डावा डोळा आहे की."

"दिसतंय मला. पण तू सांग."

मी सांगायला लागले. धसकटं, बैल, डोंगर. तो ऐकत होता. माझी कुठलीच गोष्ट त्याने दुरुस्त केली नाही. इतकी वर्षं तो वाट सांगायचा आणि मी ऐकायचे, त्याची आठवण त्याला झाली की नाही ते मी विचारलं नाही.

चढण उतरताना तो पायी आला. पायथ्याशी मागे बसताना म्हणाला, "आता वाट तू सांगत चल." मग मी सांगत गेले. पुढे वाळू आहे. डावीकडे मूळ आहे, धक्का बसेल. आता नाला, मागे झुक. मी म्हटलं की तो तसा झुकायचा, आणि गाडी जाताना गेली होती त्यापेक्षा किती तरी सहज जात होती. तोंडाने बोलायचं म्हणजे आधी नीट बघावं लागतं, हे एक. दुसरं म्हणजे मागचं ओझं आता माझ्या विरुद्ध जात नव्हतं.

घरी वहिनीने माझा गुडघा बघितला, हळद गरम केली, आणि दोघांनाही जेवायला वाढलं. जेवताना भाऊ म्हणाला, "हिने ती चढण काढली." वहिनी म्हणाली, "ताक घ्या." पण तिने मला ताकाआधी दोन चमचे तूप जास्त वाढलं होतं.

आता आम्ही महिन्यातून दोन रविवार तरी जातो. त्या चढणीचा यंदा काँक्रीटचा रस्ता झाला. काम चालू असताना आम्ही गेलो होतो, तेव्हा रोलर उभा होता आणि पाड्यावरची निम्मी माणसं तो बघत बसली होती. मला वाईट वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. त्या बाईने मला सांगितलं की मागच्या पावसाळ्यात तिच्या सुनेला बाळंतपणासाठी वरच्या शेतातल्या घरातून झोळीत घालून खाली आणलं होतं. चौघं माणसं, चिखल, आणि त्याच दगडांवरून. पोरगी वाचली, मूलही वाचलं. ती सांगत असताना सून शेजारीच बसून मुलाला पाजत होती.

परवाच्या रविवारी आम्ही तिच्या घरी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, काँक्रीटवरून दुसऱ्या गिअरमध्ये वर गेलो, आणि पलीकडच्या अंगाने उतरणारी एक गुरांची वाट शोधत निघालो. ती थोडी खाली जाऊन हरवली. आम्ही एका हरभऱ्याच्या शेतात येऊन पोचलो. शेतकरी बांधावर उभा होता, आधी रागावला, मग भाऊ मोटारी दुरुस्त करतो हे कळल्यावर विचारायला लागला की आपली बोअरची मोटार का गरम होते. दोघं स्टार्टर उघडून बसले. तोवर त्याच्या बायकोने काटक्या पेटवून हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजला. आम्ही चौघं बांधावर बसून तो सोलून खाल्ला. हात, ओठ सगळं काळं झालं. भाऊने हात पँटला पुसले आणि मला म्हणाला, "बाई, तो कोपरा बघ. तिकडून वाट खाली जाते असं हे म्हणतात. जाते का?"

मी उठून बघायला गेले.